फिरायला गेलो होतो की दारावर?

जायचं ठरलं ते भांडणातून. ऑफिसात दुपारच्या डब्याला विषय निघाला, की हरसूलच्या पुढच्या त्या डोंगरातल्या गावात या पावसाळ्यात दरड कोसळली, रस्ता गेला, तर आता तिकडे फिरायला जावं की नाही? पगारे म्हणाले, "लोकांची घरं गेली आणि आपण तिथे जाऊन सेल्फी काढायचे? थोडी तरी लाज वाटली पाहिजे." सविता म्हणाली, "उलट जायलाच पाहिजे. त्यांचं पोट आपल्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच आहे." मला दोघांचंही पटलं. माझं हे असंच असतं, शेवटी जो बोलेल त्याचं मला पटतं. शेवटी सविता बोलली, म्हणून मी गेले.

नवऱ्याला शनिवारी ड्युटी होती. पण नेमकी माझी नणंद प्रमिला माहेरपणाला आली होती. तिला सटाण्याला दिली आहे, घरचा कांद्याचा व्यापार आहे, आणि पंचवीस वर्षांत तिच्या बोलण्यात अर्धी अहिराणी मिसळली आहे. "वहिनी, तू गाडी चालव, मी बडबड करते," म्हणाली. जोडी जमली.

मी तयारी काय केली ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. फिक्या रंगाचा ड्रेस घातला. ऑफिसातून गोळा केलेले जुने कपडे दोन मोठ्या पिशव्यांत भरून डिकीत टाकले. आणि दोन दिवसांचा डबा घेतला, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मेथीचे ठेपले. त्या बिचाऱ्यांवर आपल्या जेवणाचा भार कशाला? प्रमिला मात्र गडद गुलाबी साडी, हातभर बांगड्या आणि लिपस्टिक लावून तयार.

"अगं, आपण कुठे चाललोय कळतंय ना तुला?" मी म्हणाले.

"फिराले," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

शनिवारी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, पेट्रोल नाशिकमध्येच भरून घ्या, पुढे पंप आहेत पण भरवसा नाही. त्र्यंबकपर्यंत रस्ता एकदम झकास. तिथे एका टपरीवर चहा आणि गरम भजी झाली, म्हणजे मी चहा घेतला आणि प्रमिलाने भजीच्या दोन प्लेटी संपवल्या. त्र्यंबक सोडलं की हरसूलकडे जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. पाऊस उघडून थोडेच दिवस झाले होते, भात पिवळं पडायला लागलं होतं आणि डोंगर अजून हिरवेगार होते. इतकं सुंदर दिसत होतं की मला अपराधी वाटायला लागलं. आपण आनंदाने बघतोय, हे बरोबर आहे का? प्रमिलाला विचारलं तर म्हणाली, "बघू नको मग, रस्त्याकडे बघ."

हरसूलनंतर रस्ता बारीक होतो आणि खड्डे सुरू होतात. एरवी नाशिकहून दोन तास लागायचे, आता तीन धरून चला. घाटात एका वळणावर लाल फडकं घेतलेला एक माणूस उभा होता. पुढे रस्त्याची अर्धी बाजू खाली दरीत गेलेली, एकच गाडी जाईल एवढी जागा. एक तास वर जाणाऱ्या गाड्या सोडतात, एक तास खाली येणाऱ्या. आमची पाळी यायला अर्धा तास होता. वर बघितलं तर डोंगराच्या कुशीची साल काढल्यासारखी लाल माती उघडी पडली होती, खालपर्यंत दगडच दगड.

"गावात लोक येतात का हो फिरायला?" मी त्या माणसाला विचारलं.

"येतात की. इथवर येतात. गाडी लावतात, दरडीचा फोटो काढतात अन् इथूनच माघारी फिरतात."

हे ऐकलं तेव्हा मोबाईल माझ्या हातातच होता आणि दोन फोटो काढून झाले होते. मी ते पुसून टाकले. मग वाटलं, ब्लॉगवर लोकांना कळायला नको का परिस्थिती काय आहे? मग परत एक काढला. मग तोही पुसला. प्रमिला कपाळाला हात लावून बसली होती.

गाव तसं मोठं आहे. आठवडे बाजार भरतो, शाळा आहे, पोस्ट आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला नाशिककरांची झुंबड उडायची म्हणून बऱ्याच घरांवर 'राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या रंगवलेल्या. निम्म्या घरांना कुलूप होतं. खालच्या आळीतली तीन घरं दरडीखाली गेली होती, पाच-सहा गुरं गेली होती. माणसं आदल्या संध्याकाळीच देवळात नेऊन ठेवली होती म्हणून वाचली, सगळीच्या सगळी. हे मला माहीत होतं, पेपरात वाचलं होतं. माहीत असून मी पुढे जे वागले त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही.

आधी शाळेत गेलो, कपडे द्यायला. गुरुजी भले माणूस. त्यांनी दोन्ही पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि एका वर्गाचं दार उघडलं. खिडकीच्या वरपर्यंत कपडे. साड्या, शर्ट-पँट, लग्नातले कोट, एक तर नऊवारीचं नवंकोरं पातळ. "सातवीचा वर्ग व्हरांड्यात बसवतोय सध्या," गुरुजी म्हणाले. "यांचं काय करायचं तेवढं कळलं की मुलं आत घेतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशव्या उचलल्या आणि परत डिकीत.

राहायला आम्ही हिराताईंकडे गेलो. समोर खानावळ, मागे दोन खोल्या. पाचशे रुपयांत स्वच्छ खोली, गरम पाणी, आणि खिडकीतून सरळ समोर दरी. हिराताई चाळिशीच्या असतील, बारीक अंगाच्या, बोलायला चटपटीत. त्यांचे यजमान सोमादादा त्या वेळी मागे लाकडं फोडत होते. खानावळीत सहा टेबलं, सगळी पुसून ठेवलेली, एकावरही माणूस नाही.

"या ना ताई, बसा. च्या टाकते," त्या म्हणाल्या.

"नको नको, राहू द्या. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तरास कसला? धंदाच हाय माझा."

"नाही, खरंच नको," मी आवाज खाली आणून म्हणाले. "तुमच्यावर केवढा प्रसंग आलाय. आम्ही नुसतं भेटायला आलोय."

त्यांचा चेहरा जरासा पडला. मला वाटलं, भरून आलं असेल.

माझ्या आईने लहानपणापासून शिकवलंय, दुःखाच्या घरी जायचं तर भडक नेसायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, चहा काय पाणीसुद्धा मागायचं नाही. मी ते सगळं अगदी मनापासून पाळलं. हिराताई जेवायला काय करू विचारायला आल्या, तर मी म्हटलं आमच्याजवळ डबा आहे. संध्याकाळी त्यांनी भज्यांचं विचारलं, मी नको म्हटलं. प्रमिला खोलीत थंड दशमी चावत माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. बाहेर चुलीवर काहीतरी खरपूस भाजल्याचा वास येत होता.

"वहिनी, एक सांग," ती म्हणाली. "आपण फिराले आलोय का दारावर आलोय?"

आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. मी तिच्यावर डाफरले. म्हटलं, तुला काही संवेदना आहे की नाही? ती म्हणाली, "मला भूक शे." आणि आम्ही एकमेकींशी न बोलता झोपलो.

रविवारी सकाळी गावात चक्कर मारली. धबधब्याची वाट शाबूत आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण सगळ्यांचा समज आहे की ती गेली. अर्धा तास चालायचं, वाट ओली आहे, बूट घाला. पाणी अजून भरपूर आहे आणि आम्ही दोघी सोडून तिथे कोणी नव्हतं. प्रमिला पाण्यात पाय सोडून बसली. मी काठावर उभी राहिले. बसावंसं वाटत होतं, पण बसवेना.

साडेआठला निघायचं ठरवलं. खोलीचे पैसे हिराताईंच्या हातात दिले, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि गाडीत येऊन बसले. 'येते' म्हणाले नाही. मराठी माणसाला हे सांगायला नको, आपण कुठूनही निघताना 'येते' म्हणतो, 'जाते' म्हणत नाही. फक्त दारावर गेलो की ते तोंडातून काढायचं नसतं, तसल्या कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. गुपचूप उठायचं आणि चालू पडायचं. मला माझ्या शहाणपणाचं जरा कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

घाटात लाल फडकंवाला आडवा आला. खाली उतरणाऱ्या गाड्यांची वेळ नुकतीच संपली होती, आता तासभर थांबा. गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटांत मागून मोटारसायकल आली. पुढे सोमादादा, मागे हिराताई, हातात आमची पाण्याची बाटली.

"बाटली विसरली तुमची," त्या म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. त्या हलेनात.

"एक विचारू का ताई? राग नाय ना धरणार?"

"विचारा ना."

"आमच्या घरी कोणी मेलंय का?"

मी घाईघाईने गाडीतून खाली उतरले.

"नाय, तुम्ही च्या घेतला नाय. जेवल्या नाय. बोलल्या ते पण हळू हळू. अन् आता निघाल्या ते येते पण म्हणाल्या नाय. म्हणून विचारलं. आमचं माणूस एक पण गेलं नाय ताई. देवाची किरपा, सगळी हायेत. पण जो येतो तो असंच करतो. कपडे देतो, हात जोडतो अन् जातो. जेवत कोणीच नाय." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "खानावळ हाय माझी! मी रांधून ठेवते अन् शेजारच्या म्हशीला घालते!"

सोमादादा "अगं, जाऊ दे ना" म्हणत होते, पण त्या काही ऐकत नव्हत्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी सरळ विचारलं, "आत्ता काही मिळेल का जेवायला?"

"मिळेल का म्हणजे?" प्रमिला गाडीतून ओरडली. "वळव गाडी!"

आम्ही परत गेलो. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या गरम भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी, कच्चा कांदा. एकशेवीस रुपये ताट, हवं तेवढं घ्या. मी तीन भाकरी खाल्ल्या. आमटीला चुलीचा धूर लागलेला होता, आणि ती चटणी तर अशी की जिभेवर राहून राहून चव येते. मी मोठ्याने हसलेसुद्धा, कारण प्रमिला आणि हिराताई दोघी मिळून माझी नक्कल करत होत्या. हात जोडून, मान खाली घालून. हसले आणि लगेच वाटलं, खालच्या आळीतल्या तीन घरांना हे हसणं ऐकू जात असेल का? हिराताईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यातलं एक घर माझ्या दिराचं. तो बघा पलीकडं बसलाय, तोच हसतोय तुम्हाला."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पाऊस उघडला की निफाडकडे द्राक्षांची छाटणी सुरू होते. इथून टेम्पो भरून माणसं जातात, मुकादम येऊन घेऊन जातो, मग दोन-तीन महिने तिकडेच बागेत पाल ठोकून राहायचं. हिराताई लग्नानंतर बारा वर्षं तशा गेल्या. मग ही खानावळ टाकली आणि पाच वर्षांत त्या टेम्पोत बसल्या नाहीत. यंदा मुकादम गुरुवारी येणार होता. सोमादादांचं म्हणणं, कुलूप लावू आणि दोघंही जाऊ, इथे बसून काय करायचं? हिराताईंचं म्हणणं, एकदा कुलूप लागलं की गिऱ्हाईक दुसरीकडचं दार धरतं, परत उघडणार नाही.

"दुसऱ्याच्या बागेत लय राबले मी," त्या म्हणाल्या. "आता हे माझं हाय. पण बसू कोणाच्या भरवशावर?"

मी जे बोलले ते विचार करून बोलले नाही. म्हटलं, "पुढच्या रविवारी मी आठ जण घेऊन येते. जेवायला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

प्रमिलाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. व्यापाऱ्याच्या घरची ती, अशा बोलण्याची किंमत तिला कळते. हिराताईंनी सोमादादांकडे बघितलं. "नक्की?" त्यांनी मला विचारलं. "नक्की," मी म्हणाले. आणि निघताना दारात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "येते हां!" त्या म्हणाल्या, "या."

आणखी एक सांगायचं राहिलं. ब्लॉग लिहिते म्हटल्यावर हिराताईंनी विचारलं होतं, "आमच्या गावाचं नाव लिहिणार? मोबाईलवर आमचं नाव टाकलं की आता नुसती दरड येते. आधी धबधबा यायचा. तुम्ही पण दरडच लिहिणार ना?" म्हणून नाव लिहिलेलं नाही. पण नाव नाही लिहिलं तर तुम्ही जाणार कसे? आणि दरड नाही लिहिली तर का जायचं ते कळणार कसं? तीन वेळा ही पोस्ट लिहून खोडली. शेवटी असं ठरवलंय, की कमेंटमध्ये विचाराल त्याला नाव आणि रस्ता सांगेन. हे बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही.

परतीला घाटात फार वेळ गेला नाही, दुपारी तीनला घरी. कपड्यांच्या पिशव्या डिकीत तशाच आहेत, त्यांचं काय करायचं तेही कळलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात सगळं रंगवून सांगितलं. प्रमिला, मी आणि तिथल्या तिथे हात वर केलेले सहा जण, झाले बरोब्बर आठ. मी हवेत होते. मंगळवारी दोघांनी विचारलं, धबधबा सोडून बघायला काय आहे? मग ते गळाले. बुधवारी एकाच्या घरी पाहुणे निघाले. एक म्हणाला, एवढं तीन तास जाण्यापेक्षा आपण पैसे पाठवून देऊ ना. आणि सविता, जी म्हणाली होती गेलंच पाहिजे, तिने रस्ता एकेरी आहे हे ऐकून मुलांना घेऊन नको बाई म्हणून सांगितलं. तिचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. मुलं लहान आहेत तिची.

राहिले कोण, तर पगारे. सेल्फीवाल्यांना लाज वाटायला पाहिजे म्हणणारे पगारे! मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? मला ती दरड जवळून बघायचीय. आयुष्यात कधी बघितली नाही." आता अशा माणसाला न्यायचं की नाही? दिवसभर डोक्यात तेच. शेवटी काल, गुरुवारी संध्याकाळी, हिराताईंना फोन लावला. मनातून वाटत होतं त्या उचलणार नाहीत, टेम्पोत असतील.

पहिल्याच रिंगला उचलला.

"हिराताई, आमच्यातला एक जण दरड बघायला येतोय. चालेल का?"

पलीकडून हसण्याचा आवाज. "दरड बघून भूक लागत नाय का त्याला?"

"लागते. भरपूर खातात ते."

"मग येऊ द्या की."

मला टेम्पोचं विचारायचं होतं. धीर होईना. त्यांनीच सांगितलं. "आमचे हे गेले सकाळी मुकादमासंगं. लय भांडले जाताना. म्हणले, एकटी बसून काय करशील? मी म्हणलं, रविवारी आठ माणसं येणार हायेत माझ्याकडं, तुम्ही जा." मग त्यांनी आवाज जरा बारीक केला. "आठ म्हणालात ना ताई? का कमी-जास्त? नागली दळायला टाकायची हाय उद्या."

खरं सांगायची वेळ तीच होती. मला कळत होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "आठ."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि नवऱ्याला विचारलं, मी बरोबर केलं का चूक? तो म्हणाला, तू उगाच लोकांच्या आयुष्यात नाक खुपसतेस. प्रमिलाला फोन केला, ती सटाण्याहून बसने येतेय, ती म्हणाली बरं केलंस, आता माणसं गोळा कर. मला दोघांचंही पटलं.

म्हणून ही पोस्ट आज घाईघाईत टाकतेय. रविवारी सकाळी साडेसहाला नाशिकमधून निघायचंय. माझ्या गाडीत दोघांना जागा आहे, बाकीच्यांनी आपापली आणावी. दरड बघायला या, धबधबा बघायला या, मला नावं ठेवायला या, पण जेवायला या. मी त्या बाईला आठ सांगून बसलेय, आणि आत्ता आम्ही तीन आहोत.